फाइल कोणी अडवली?

गोष्ट 2024 च्या मार्च महिन्यातली आहे. ज्यांची ही गोष्ट आहे ते चाचा आता निवृत्त झालेत. ‘लिही, पण माझं नाव घालू नको,’ एवढ्या एका अटीवर त्यांनी मला परवानगी दिली. ही अट त्यांनी का घातली, ते शेवटपर्यंत वाचलंत की लक्षात येईल.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं कॉम्प्युटरचं काम बघतो. पगारी नोकर नाही, कंत्राटावर आहे. आठवड्यातून तीन दिवस जातो, बाकीचे दिवस फोनवर. तिथली टेबलावरची मशीन जुनी आहेत, ती फक्त खिडकीसारखी वापरली जातात. खरं काम आतल्या खोलीतल्या एका सर्व्हरवर चालतं. अठरा माणसं सकाळी आपापलं लॉगिन करतात आणि त्या एकाच सर्व्हरवर बसतात. वर्ड, एक्सेल सगळं तिथेच. फाइली शेजारच्या दुसऱ्या मशीनवर. हा प्रकार मी एकदा अम्मीला समजावून सांगत होतो. म्हटलं, एका चुलीवर अठरा जणांचा स्वयंपाक. ती म्हणाली, “फिर तो झगडे होएंगेच.”

झगडा सुरू झाला तो वसुलीच्या फाइलवरून. थकबाकीदारांची ही एक मोठी एक्सेल फाइल आहे. दर शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत तिच्यातून आठवड्याचं विवरण काढून मुख्य शाखेला पाठवायचं असतं. त्यामुळे शुक्रवारी एक ते तीनच्या दरम्यान सगळ्यांना तीच फाइल हवी असते. फेब्रुवारीच्या शेवटापासून ती उघडताना अडकायला लागली. क्लिक केलं की गोल फिरत राहायचं, पडदा पांढुरका व्हायचा, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असं यायचं. कोणी वैतागून खिडकी बंद करायचा. दुसरा कोणी उघडायला गेला की त्याला संदेश यायचा : ही फाइल अमुक माणसाने संपादनासाठी लॉक केली आहे, तुम्हाला फक्त वाचता येईल.

तो ‘अमुक माणूस’ दर वेळी एकच असायचा. चाचा.

चाचा ठेव विभागात कारकून होते. तीस वर्षांची नोकरी. खतावणीच्या काळापासूनचे. टायपिंग दोन बोटांनी, पण आकड्यात चूक नाही. शुक्रवारी सव्वा वाजता ते रुमाल घेऊन उठायचे, जुम्म्याची नमाज पढून सव्वादोनपर्यंत परत यायचे. दुपारचा डबा मग त्यानंतर. इतक्या वर्षांत याबद्दल कोणी कधी काही बोललं नव्हतं.

1 मार्चच्या शुक्रवारी पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, “चाचा फाइल उघडी टाकून नमाजला गेलेत वाटतं.” यात वावगं काही नव्हतं, पडद्यावर तसंच लिहिलेलं होतं. 8 तारखेला महाशिवरात्रीची सुट्टी होती. 12 तारखेला रमजान सुरू झाला आणि 15 च्या शुक्रवारी तोच संदेश पुन्हा आला. या वेळी वाक्य बदललं होतं. “यांचं दर शुक्रवारचंच आहे.” चाचांमधून ‘यांचं’ कधी झालं, ते बोलणाऱ्यालाही कळलं नसावं. मॅनेजरसाहेब मार्चअखेरच्या ताणात होते. त्यांनी मला फोन केला, “तुम्ही जरा त्यांना समजावून सांगा. तुमचं ते ऐकतील.”

‘तुमचं’ या शब्दाचा अर्थ मला कळला. तो दोन प्रकारे घेता येत होता, आणि दोन्ही प्रकारे बरोबर होता.

मी काय करायला हवं होतं, ते आज सांगू शकतो. सर्व्हरवर बसून तपासायला हवं होतं. पण मी पडद्यावरच्या नावावर विश्वास ठेवला. त्याहून खरं सांगायचं तर, मला भीती वाटली. तपासणीत चाचा निर्दोष निघाले तर लोक म्हणतील, आपल्या माणसाची बाजू घेतली. ही भीती आपल्यातल्या बऱ्याच जणांना ओळखीची असेल. ऑफिसात, सोसायटीत, शाळेत आपण आपल्या माणसाशी जरा जास्तच कडक वागतो, म्हणजे आपल्या निःपक्षपातीपणावर कोणी बोट ठेवू नये. मी चाचांच्या टेबलाशी गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “चाचा, जुम्म्याला जाण्याआधी लॉग ऑफ करत जा. नुसती खिडकी बंद करून चालत नाही.”

सल्ला चुकीचा नव्हता. सर्व्हरवर काम करताना कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून खिडकी बंद केली तर फक्त जोडणी तुटते. आत तुमचं सत्र चालूच राहतं, उघडलेल्या फाइली उघड्याच राहतात. ‘साइन आउट’ केल्याशिवाय त्या सुटत नाहीत. पण हे त्या ऑफिसात अठरापैकी एकालाही माहीत नव्हतं. ते मी एकट्या चाचांना सांगितलं.

चाचा म्हणाले, “बरं.” एवढंच.

22 मार्चला, रमजानच्या दुसऱ्या शुक्रवारी, मी ऑफिसातच होतो. दीड वाजला तरी चाचा खुर्चीवर बसलेले. मला वाटलं तब्येत बरी नसेल. जवळ गेलो तर त्यांचं मशीन बंद होतं. वायरसुद्धा बोर्डातून काढून टेबलावर ठेवलेली. समोर कागदी रजिस्टर उघडून ते ठेवींच्या तारखा तपासत होते. मी हळूच विचारलं, “चाचा, जुम्मा?”

“आज नहीं गया,” ते रजिस्टरातून मान वर न करता म्हणाले. “बारा बजे से मशीन बंद है. मामा कू बुलाके दिखाया. अब देखते, किस का नाम आता.”

मामा म्हणजे आमचे शिपाई. ज्या माणसाने तीस वर्षं रोख आणि ठेवी सांभाळल्या, त्याने आपलं मशीन बंद असल्याचा साक्षीदार उभा केला होता. आणि त्यासाठी रमजानचा जुम्मा सोडला होता.

पावणेदोनला कर्ज विभागातून आवाज आला, “परत लॉक! परत चाचांचंच नाव!”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. बोलले काहीच नाहीत.

त्या दिवशी इफ्तारला मी घरी गेलो नाही. पावणेसातच्या आत सगळे निघून गेले. मामांनी माझ्यासाठी पाण्याची बाटली आणि बाहेरच्या गाड्यावरून दोन केळी आणून ठेवली. रोजा सोडला, आतल्या खोलीत बसलो आणि जे तीन आठवड्यांपूर्वी करायला हवं होतं ते सुरू केलं.

पहिला प्रश्न असा विचारायचा असतो : अडकतंय ते सगळंच की एकच? सर्व्हरची ताकद संपली असेल तर सगळंच मंदावतं. इथे नोटपॅड झटकन उघडत होतं. टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं तर प्रोसेसर निवांत होता, मेमरीही अर्धी रिकामी. दिवसभरातल्या नोंदीही तशाच. म्हणजे सर्व्हर दमलेला नव्हता. एक्सेल कशाची तरी वाट बघत होतं.

‘नॉट रिस्पॉन्डिंग’ या शब्दांचा आपण फार चुकीचा अर्थ घेतो. एखाद्या खिडकीने साधारण पाच सेकंद कुठल्याही क्लिकला दाद दिली नाही, की विंडोज तिच्या नावापुढे हे शब्द लावतं आणि तिच्या जागी तिचं पांढुरकं चित्र दाखवतं. याचा अर्थ प्रोग्राम मेला असा होत नाही. तो कुठेतरी निरोप पाठवून उत्तराची वाट बघत बसला असेल, तरीही हेच दिसतं. आपण मात्र फुलीवर क्लिक करतो, मशीन बंद करतो, आणि अडकलेलं एक्सेल सर्व्हरवर तसंच फाइल धरून बसून राहतं.

दुसरं काम, ॲड-इन तपासणं. एक्सेलला बाहेरून जोडलेले छोटे प्रोग्राम कधी कधी असा घोळ घालतात. कंट्रोल बटण दाबून धरून एक्सेल सुरू केलं की ते सेफ मोडमध्ये, म्हणजे या जोडण्यांशिवाय उघडतं. मी एका कर्मचाऱ्याच्या सत्रात तसं उघडून पाहिलं. तरी अडकलं. म्हणजे दोष ॲड-इनचा नाही.

मग टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ पानावर अडकलेल्या एक्सेलवर उजवं क्लिक करून ‘ॲनलाइझ वेट चेन’ निवडलं. कोण कोणासाठी थांबलंय याची साखळी तिथे दिसते. एक्सेल थांबलं होतं छपाईचं काम पाहणाऱ्या विंडोजच्या आतल्या एका प्रोग्रामसाठी. छपाई? फाइल उघडताना छपाईचा काय संबंध?

संबंध आहे. वर्ड आणि एक्सेल पान कसं मांडायचं हे ठरवताना डिफॉल्ट प्रिंटरला विचारतात : कागद केवढा, कडेला जागा किती सोडायची, अक्षरं कशी बसतील. तुम्ही काहीही छापणार नसलात तरी विचारतात. तो प्रिंटर नेटवर्कवर असेल आणि उत्तर देत नसेल, तर उत्तराची मुदत संपेपर्यंत ते थांबून राहतात. मी डिफॉल्ट प्रिंटर बदलून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ केला. फाइल तीन-चार सेकंदांत उघडली. पुन्हा जुना प्रिंटर लावला, पुन्हा अडकली. तीनदा करून पाहिलं.

तो जुना प्रिंटर कुठे होता? कुठेच नव्हता. तो पूर्वी कर्ज विभागातल्या एका जुन्या कॉम्प्युटरला जोडलेला होता आणि त्याच्यामार्फत सगळे छापायचे. तो कॉम्प्युटर फेब्रुवारीत मीच काढून नेला होता. नवा प्रिंटर थेट नेटवर्कला जोडला, सगळ्यांना दाखवला, बिल दिलं आणि निघालो. जुन्याची नोंद मात्र अठरा लॉगिनमधून काढली नाही. ज्यांनी स्वतः नवा प्रिंटर डिफॉल्ट केला त्यांना त्रास नव्हता. ज्यांनी केला नाही त्यांचं एक्सेल नसलेल्या प्रिंटरला रोज हाका मारत होतं. म्हणून दोष कधी दिसायचा, कधी नाही. शुक्रवारी सगळे एकाच फाइलवर यायचे, म्हणून तो शुक्रवारी जास्त दिसायचा. जुम्म्याशी त्याचा संबंध एवढाच, की दोन्ही एकाच वेळी होते.

एक कोडं सुटलं. पण नाव? चाचांचं मशीन बंद असताना त्यांचं नाव कसं आलं?

एक्सेल फाइल उघडतं तेव्हा तिच्या शेजारी एक छोटी लपलेली फाइल तयार करतं. तिच्या नावाची सुरुवात ‘~$’ या खुणांनी होते. फाइल कोणाकडे आहे, त्याचं नाव तिच्यात लिहिलेलं असतं, आणि लॉकचा संदेश ते नाव तिथून उचलतो. पण ते नाव लॉगिनचं असेलच असं नाही. ‘ऑप्शन्स’मध्ये ‘जनरल’खाली ‘युजर नेम’ नावाचा एक चौकोन असतो, त्यात जे लिहिलंय ते नाव. मी स्वतःच्या लॉगिनने तो चौकोन उघडला. त्यात चाचांचं नाव होतं. मॅनेजरसाहेबांच्या लॉगिनमध्ये पाहिलं. चाचा. कर्ज विभागातल्या ताई. चाचा. अठराच्या अठरा ठिकाणी चाचा.

आणि मग मला ती संध्याकाळ आठवली. 2022 च्या दिवाळीनंतर हा सर्व्हर बसवला तेव्हा सगळे सहाला निघून गेले होते. एकटे चाचा थांबले होते. “तुला काही लागलं तर कोण देणार?” म्हणाले. मी त्यांच्याच लॉगिनमध्ये ऑफिस सुरू करून दिलं, नाव विचारलं तिथे त्यांचं नाव टाकलं, मराठी फॉन्ट आणि प्रिंटर बसवले. सगळं जमलंय हे पाहिल्यावर त्याच प्रोफाइलची नक्कल करून ती सगळ्या नव्या लॉगिनसाठी नमुना म्हणून ठेवली. अठरा वेळा तेच काम करायला नको म्हणून. त्या नमुन्याबरोबर चाचांचं नाव सगळ्यांकडे गेलं. त्यांनी मदत केली म्हणून.

खात्रीसाठी फाइली ठेवलेल्या मशीनवर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’ उघडलं. तिथे ‘शेअर्ड फोल्डर्स’खाली ‘ओपन फाइल्स’मध्ये कुठली फाइल खरोखर कोणत्या लॉगिनने धरली आहे ते दिसतं. संध्याकाळी कोणीतरी फुलीवर क्लिक करून घरी गेलं होतं आणि वसुलीची फाइल तेव्हाही अडकलेली होती. पावणेदोनपासून कोणी धरली होती ते तिथे दोन मिनिटांत कळलं असतं. ते नाव इथे लिहीत नाही. त्या माणसाची चूक नव्हती, त्याचं एक्सेल माझ्या प्रिंटरची वाट बघत होतं.

मार्चअखेर असल्यामुळे शनिवारी ऑफिस चालू होतं. नावाचा चौकोन मी मुद्दाम तसाच ठेवला होता. सकाळी साडेदहाला मॅनेजरसाहेबांना म्हटलं, “साहेब, तुमच्या मशीनवर वसुलीची फाइल उघडा.” त्यांनी उघडली. मग ताईंना त्यांच्या टेबलावरून उघडायला सांगितली. संदेश आला. ताईंनी मोठ्याने वाचला. चाचांचं नाव. चाचा तेव्हा दारापाशी उभे होते, हात मागे बांधून.

मी म्हणालो, “फाइल साहेबांकडे आहे. नाव चाचांचं येतंय. दीड वर्ष सगळ्यांचं काम याच नावाने चाललंय. ही माझी चूक आहे. आणि फाइल अडकते तीही माझीच चूक आहे.” मग प्रिंटरचं सांगितलं, नमुन्याचं सांगितलं. वर्डमधल्या एका पत्राचे गुणधर्म उघडून दाखवले. संचालक मंडळाच्या सभेच्या नोटिशीपासून कर्जमंजुरीच्या पत्रापर्यंत सगळ्यांवर लेखक म्हणून चाचांचं नाव.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मॅनेजरसाहेब म्हणाले, “म्हणजे चूक तुमची होती.”

“हो.”

“ठीक आहे. दुरुस्त करा. आणि लवकर करा.” ते केबिनमध्ये गेले. ताई उठून चाचांजवळ आल्या आणि म्हणाल्या, “चाचा, मी पण बोलले होते. मनात ठेवू नका.” चाचा म्हणाले, “अहो, त्यात काय.” बाकीच्यांनी माना खाली घालून कामाला सुरुवात केली.

दुरुस्ती दुपारपर्यंत झाली. जुन्या प्रिंटरची नोंद सगळ्या लॉगिनमधून आणि नमुन्यातून काढली. प्रत्येकाचं नाव त्याच्या त्याच्या चौकोनात टाकलं. जोडणी तोडून तासभर परत न आलेलं सत्र आपोआप बंद होईल अशी मुदत सर्व्हरवर घातली. आधी सेव्ह करा, मग साइन आउट करा, हे अठराही जणांना उभं करून शिकवलं, कारण मुदतीत बंद झालेल्या सत्रातलं न जपलेलं काम जातं.

जाताना चाचा मला जिन्यात भेटले. मी म्हणालो, “चाचा, माफ करा.”

ते म्हणाले, “मशीन का छोड. मशीन कू क्या समजता. तूने भी मेरेकूच बोल्या ना, सब के सामने, लॉग ऑफ करके जाओ.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. प्रिंटरची नोंद राहून जाणं ही विसरभोळेपणाची चूक होती. नमुन्यात नाव राहिलं तो आळस होता. पण तपासण्याची साधनं माझ्या हातात असताना मी पडद्यावरचं नाव खरं मानलं आणि ते मोठ्या आवाजात बोलून दाखवलं, ही वेगळी चूक होती. इतरांना ‘ओपन फाइल्स’ माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

थोडं थांबून चाचाच हसले. म्हणाले, “डेढ साल अठरा लोगां मेरे नाम से काम करते थे, और पगार एकीच का मिला. उसका हिसाब कर.”

पुढच्या शुक्रवारी, 29 तारखेला, मार्चअखेरच्या कामासाठी ऑफिस उघडं होतं. सव्वा वाजता मॅनेजरसाहेब केबिनच्या दारात येऊन म्हणाले, “चाचा, वेळ झाली ना तुमची?” माफी त्यांनी मागितली नाही, पण हे त्यांनी याआधी कधी विचारलं नव्हतं. चाचा रुमाल घेऊन गेले.

पावणेदोनला वसुलीची फाइल लॉक असल्याचा संदेश आला. या वेळी त्यात कर्ज विभागातल्या ताईंचं नाव होतं, आणि ते खरं होतं. त्या जेवायला घरी गेल्या होत्या आणि फाइल उघडी राहिली होती. कोणीतरी फोन लावला, “ताई, फाइल तुमच्याकडे राहिलीय. साइन आउट करू का तुमचं?” त्या म्हणाल्या, “अगं बाई, विसरलेच. करा की.” काम पुढे सुरू झालं. ताई कुठे गेल्यात, दर शुक्रवारीच का जातात, हे कोणी विचारलं नाही.

मी ते ऐकत बसलो होतो. फाइल अडकली तर एवढंच करायचं असतं. फोन करायचा आणि विचारायचं.